इंटरफेसमधलं व्हेरिएबल : माझा अनुभव

आमच्या प्रोजेक्टमध्ये एक जावा इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या हे ठरवणारा करार) होता आणि त्यात सगळ्यात वर एक ओळ होती: इंट टाइमआउट = ३०, म्हणजे रिक्वेस्टची किती सेकंद वाट पाहायची. पुढे पब्लिक नाही, स्टॅटिक नाही, फायनल नाही. मी नवीन होतो, ते साधं व्हेरिएबल समजलो आणि इम्प्लिमेंट करणाऱ्या क्लासमध्ये त्याला ६० द्यायला गेलो. कंपायलरने तिथेच अडवलं: फायनल व्हेरिएबलला व्हॅल्यू देता येणार नाही.

आपण लिहा किंवा लिहू नका, इंटरफेसमधलं व्हेरिएबल पब्लिक, स्टॅटिक, फायनलच असतं: सगळ्यांना दिसणारं, ऑब्जेक्टचं नसून इंटरफेसचं, आणि एकदा दिल्यावर न बदलणारं. नंतर ते पटलंही. इंटरफेसला कन्स्ट्रक्टर नसतो, ऑब्जेक्टची स्वतःची व्हॅल्यू ठेवायला त्यात जागाच नाही.

मग मी इंटरफेसमध्येच ३० चे ६० केले. त्याचा जार (कंपाइल केलेल्या क्लासचं पॅकेज) वेगळा होता, म्हणून तेवढाच बिल्ड करून टेस्ट सर्व्हरवर टाकला, सर्व्हर रीस्टार्ट केला. तरी रिक्वेस्ट ३० सेकंदांनीच तुटत होत्या. जार उघडून पाहिला, आत ६० च. दोन दिवस मी नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो होतो.

शेवटी टीममधल्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "अरे, इंटरफेस काय बघतोस? वापरणारा क्लास बघ. जावापी मार त्यावर."

जावापी म्हणजे कंपाइल झालेल्या क्लासमधला बाइटकोड, म्हणजे जावा मशीनला दिलेल्या सूचना, दाखवणारं टूल. मारलं. बाइटकोडमध्ये स्वच्छ दिसलं: बायपुश ३०, म्हणजे ३० हा आकडा थेट वापर. इंटरफेसचं नाव त्या ओळीत कुठेच नव्हतं. कंपाइल करतानाच कंपायलरने ३० हा आकडा उचलून त्या क्लासमध्ये चिकटवला होता. तो क्लास पुन्हा कंपाइल झाल्याशिवाय बदल त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हता.

सगळं क्लीन बिल्ड (जुनं पुसून पुन्हा कंपाइल) केलं आणि ६० चालू झालं. पण मला ते तेवढ्यावर सोडवेना. कॉन्स्टंट, म्हणजे हे न बदलणारं व्हेरिएबल, दुसऱ्या क्लासमध्ये हलवून उपयोग नव्हता, स्टॅटिक फायनल आकडा तिथूनही असाच चिकटतो. गणितातला पाय (π) किंवा आठवड्याचे दिवस यांना हे चालतं, कारण ते बदलत नाहीत. टाइमआउट बदलतो. शिवाय नुसत्या कॉन्स्टंटसाठी इंटरफेस इम्प्लिमेंट करणं मला आता खटकतं; जावा ५ पासून त्यासाठी स्टॅटिक इम्पोर्ट (दुसऱ्या क्लासमधलं नाव थेट वापरायची सोय) आहेच.

जावा ८ पासून इंटरफेसमध्ये स्टॅटिक मेथड लिहिता येते. व्हेरिएबल काढून तिथे मेथड ठेवली, ती प्रॉपर्टीज फाइलमधून, म्हणजे सेटिंग्जच्या साध्या फाइलमधून, आकडा वाचते. वापरणाऱ्या क्लासमध्ये ती मेथड बोलावली, तो कंपाइल केला आणि पुन्हा जावापीने उघडला. बायपुश ३० च्या जागी इन्व्होकस्टॅटिक, म्हणजे स्टॅटिक मेथड बोलावण्याची सूचना, होतं.