नाण्यांपासून ओळखवहीपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या पहिल्या मोबाईल खेळात, मुलाने भाजी खाल्ल्याची नोंद पालकांनी केली की पडद्यावर सोन्याची नाणी पडत असत. आम्हा तिघांच्या छोट्या कंपनीला ती कल्पना निर्दोष वाटली होती आणि सुरुवातीला पालकांचे निरोपही आनंदाचेच आले. पुढे मात्र, नाणी नसतील तर मूल भाजीकडे पाहतही नाही, असे तेच पालक कळवू लागले. मुलगी ‘किती नाणी मिळणार?’ असे विचारल्याशिवाय घास उचलत नाही, असे एका आईने लिहिले, तेव्हा आपण मुलांना नेमके काय शिकवत आहोत, याचा विचार करणे भाग पडले.

खेळ बनवण्याआधी जे वाचायला हवे होते, ते आम्ही त्यानंतर वाचले. आवडीने चित्रे काढणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली, तर त्यांची गोडी पुढे ओसरते, हे मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले होते. लीॲन बर्च यांच्या १९८४ मधील प्रयोगात, बक्षिसासाठी प्यायला लावलेल्या पेयाची आवड मुलांमध्ये घटली होती. बक्षीस सर्वस्वी टाकाऊ नाही, कारण नावडत्या भाजीचा एक तुकडा चाखण्यापुरते दिलेले स्टिकर उपयोगी पडते, असेही नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून आम्ही नाणी काढून टाकली आणि स्टिकर फक्त चाखण्यासाठी ठेवले. चव आवडली नाही असे मुलाने सांगितले, तरीही ते मिळते.

खरा बदल ‘ओळखवही’ने, म्हणजे मुलाची नव्या पदार्थाशी हळूहळू ओळख करून देणाऱ्या खेळातल्या वहीने झाला. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नवा पदार्थ नाकारणे स्वाभाविक असते आणि तो स्वीकारण्याआधी आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागू शकतो, पण बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर प्रयत्न थांबतो. आमच्या खेळात आता पदार्थाशी होणाऱ्या प्रत्येक भेटीला वेगळे काम असते: सोललेल्या गाजराचा वास घेणे, पालकाच्या भाजीचे पान उजेडात धरून शिरा मोजणे, काकडी मोडतानाचा आवाज ऐकणे. ते काम करेपर्यंत पडदा बंद राहतो आणि जेवताना तर खेळ उघडतच नाही.

एका खाद्य उत्पादकाने प्रायोजकत्व देऊ केले होते आणि आम्हाला पैशांची निकड होती. तरीही आम्ही नकार दिला. खाद्यपदार्थांची जाहिरात करणारे खेळ खेळल्यावर मुले एकूणच जास्त खातात, मग जाहिरात फळांची का असेना, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स फोल्कवोर्ड यांच्या अभ्यासातून आम्हाला ठाऊक होते. त्याच कारणाने आम्ही स्वतःच्या खेळातील चकचकीत खाद्यचित्रेही हटवली. वजनाचा आकडा आणि ‘वाईट पदार्थ’ हा शब्दप्रयोग यांनाही खेळात स्थान नाही, कारण अन्नाविषयी अपराधीपणा घेऊन मूल ताटावर बसावे, असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

खेळांनी फरक पडू शकतो, यावर आमचा विश्वास आहे. अमेरिकेतील टेक्सासमध्ये शाळकरी मुलांसाठी तयार केलेल्या एका संगणक-खेळाच्या २००३ मधील चाचणीत, तो खेळणारी मुले इतरांपेक्षा दिवसाला साधारण एका वेळी ताटात वाढतात तेवढ्या जास्त फळे-भाज्या खात असल्याचे आढळले होते. तो परिणाम खेळ संपल्यावरही टिकावा, यासाठी सध्या आम्ही अशी आवृत्ती तयार करत आहोत, जिच्यात ओळखवही भरत जाईल तसतशी फोनची कामे कमी होतात आणि शेवटची पाने मूल कागदावर स्वतः लिहिते.