बेल्फ्रीवर, कॅडीशिवाय

पूना क्लबच्या येरवड्याच्या कोर्सवर मी सात वर्षं गोल्फ खेळतोय. तिथे माझी बॅग माझे कॅडी उचलतात, त्यांना मी काका म्हणतो. पण स्वतःची बॅग स्वतः ओढत अठरा होल पहिल्यांदा चाललो ते इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या बेल्फ्रीवर. कामासाठी तीन महिने तिकडे होतो. तिथला ब्रॅबझन कोर्स बाहेरच्यांनाही खेळता येतो, फक्त टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, आधी घ्यावा लागतो. मी दुपारनंतरची वेळ घेतली. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्या स्टार्टरने मला एका निवृत्त जोडप्याबरोबर जोडून दिलं. कॅडी कोणाकडेच नव्हता.

पहिल्याच फेअरवेवर, म्हणजे चेंडू मारायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, फरक कळला. पुण्यात उन्हाळ्यात चेंडू पडल्यावर लांब घरंगळतो. इथे दाट, ओलसर गवत, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, आणि चेंडू पडला तिथेच थांबला. म्हणजे पुण्यातले अंतराचे अंदाज उपयोगाचे नाहीत, नेहमीपेक्षा एक नंबर कमी, म्हणजे जास्त लांब मारणारी क्लब (काठी) घ्यायची. चेंडू झाडीत गेला तर शोधायला तीनच मिनिटं. 2019 पासून नियम तसा आहे. येरवड्याला काका चेंडू उडतानाच नजरेने धरून ठेवतात. इथे मलाच चेंडूच्या रेषेतलं एखादं झाड लक्षात ठेवायला शिकावं लागलं.

बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघाल्यावर वाळूवर रेक फिरवायचा, उडालेला गवताचा तुकडा उचलून आणून जागेवर बसवून पायाने दाबायचा, हे सगळं आता माझं काम होतं. चौथ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मी पिच मार्क (चेंडू पडून झालेला खळगा) काट्याने खालून उचलू लागलो, तेव्हा जोडप्यातल्या बाईंनी प्रेमाने थांबवलं. खालून उचकटलं की मुळं तुटतात. काटा कडेला खोचून गवत चहूबाजूंनी मध्याकडे ढकलायचं, मग पटरने, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या क्लबने, थोपटायचं. त्यानंतर प्रत्येक ग्रीनवर मी आपला एक आणि दुसऱ्या कोणाचा तरी एक बुजवत गेलो.

दहाव्या होलची मात्र मी महिनाभर वाट पाहिली होती. चॅम्पियनशिप टीवरून (स्पर्धेत पहिला फटका मारायची जागा) जेमतेम 311 यार्डांचा पार 4, म्हणजे चार फटक्यांत पुरा करायचा होल, पण ग्रीनला खेटून पाणी. 1978 साली स्पॅनिश गोल्फपटू सेव्ह बालेस्टेरोसने टीवरून थेट ग्रीन गाठलं होतं. हात शिवशिवत होते. पण काकांचं नेहमीचं वाक्य आठवलं, "साहेब, पाण्याच्या अलीकडे ठेवा." सात नंबरच्या क्लबने अलीकडे ठेवला, नऊ नंबरने ग्रीनवर, मग दोन पट, म्हणजे पटरचे फटके. पार! त्या टीवर मी जरा जास्तच रेंगाळलो.

अठराव्या होलला पाणी दोनदा ओलांडावं लागतं आणि ग्रीन तीन पायऱ्यांचं आहे. 1985 मध्ये स्कॉटिश गोल्फपटू सॅम टोरन्सने याच ग्रीनवर पट घातला आणि युरोपने अमेरिकेविरुद्धचा रायडर कप जिंकला; त्या स्पर्धेत अमेरिका 28 वर्षांनी हरली. माझा दुसरा फटका पाण्यात गेला. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक होलला गुण मोजायच्या पद्धतीत, आता गुण मिळण्याची आशा नव्हती, म्हणून होल सोडून दिला. पण ग्रीनवर चेंडू ठेवून पंचवीस फुटांवरून एक पट तेवढा मारून घेतला. मागे कोणी नव्हतं आणि ते दोघं आनंदाने थांबले.

रात्री काकांना दहाव्या होलचा फोटो पाठवला. सकाळी उत्तर आलं होतं, "अलीकडे ठेवला ना?"