तुम्ही विचारलंत म्हणून: समितीकडून वैधता कोर्ट मिळवून देतं का?

जून-जुलै आला की चाळीसगाव, अमळनेर, शहादा, कुठून तरी फोन येतोच. "वकीलसाहेब, पोराचं पडताळणीचं प्रकरण समितीकडे पडून आहे. अ‍ॅडमिशन जाईल. कोर्टातून वैधता आणून द्या ना." वैधता म्हणजे मुलाचा अनुसूचित जमातीचा दाखला खरा असल्याचं, जमात पडताळणी समितीने द्यायचं प्रमाणपत्र.

जळगाव, धुळे, नंदुरबारची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली तिथून परमादेश, म्हणजे 'तुमचं काम करा' असा समितीला हुकूम, मिळतो, आणि तो एवढाच असतो: प्रकरण अमुक आठवड्यांत निकाली काढा. मुलगा टोकरे कोळी की ठाकूर, हे दक्षता पथकाचा (समितीसाठी चौकशी करणाऱ्या पथकाचा) अहवाल आणि जुन्या नोंदी पाहून समितीच ठरवणार. दावा अवैध ठरला तर दुसरी याचिका. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता तिथे फार कामाला येते.

तरीही मुदतीचा आदेश मला लहान वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात, महादेव कोळी जमातीच्याच दाव्यात, चौकशी शक्यतो रोज चालवून दोन महिन्यांत संपवायला सांगितलं होतं. पोरं अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करतात. सीट गेल्यावर हातात पडलेल्या वैधतेचं त्या वर्षी काय करायचं?

पण खंडपीठ आधी विचारतं, समितीकडे लेखी मागितलंत का? बहुतेक पालक म्हणतात, "किती चकरा मारल्या, साहेबांना भेटलो." चकरांना पोच नसते. ऑनलाइन अर्जाची पोच, त्रुटीपूर्ततेचं पत्र आणि 'निर्णय द्या' असं निवेदन, त्यावर आवक शिक्का, हे हवंच. त्रुटी तुमच्याकडूनच राहिली असेल तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला तेच दाखवतात, आणि याचिकेत जीव उरत नाही. म्हणून निवेदन दिवाळीच्या आसपास द्या. प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आल्यावर कन्नड घाट चढून येणाऱ्या बापाचा चेहरा मला बघवत नाही.

याचिकेत जागा राखून ठेवण्याची अंतरिम मागणीही जोडता येते. ती मान्य होईलच, असा शब्द मी कुणाला देत नाही. आदेशाची मुदत उलटली आणि समिती गप्पच राहिली, तर अवमान याचिका करायची, १९७१ च्या कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत. त्यासाठी आदेशाची प्रत समितीला दिल्याची पोच जपून ठेवा.