बीगलने डार्क चॉकलेट खाल्लं तेव्हा

दिवाळीच्या भेटीतलं 100 ग्रॅमचं डार्क चॉकलेट आमच्या बिट्टूने, म्हणजे आमच्या बीगल जातीच्या कुत्र्याने, रात्री चांदीसकट फस्त केलं. वजन 12 किलो. फोनवर डॉक्टरांनी आधी वजन विचारलं, मग चॉकलेट कुठलं, आणि लगेच, "सध्या कुठलं औषध चालू आहे का?" त्वचेच्या इन्फेक्शनसाठी एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू होतं. "गोळ्यांची पट्टी आणि चॉकलेटचं वेष्टन, दोन्ही घेऊन या. दूध-बिध पाजत बसू नका."

केस पेपरवर त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. चॉकलेटमध्ये कुत्र्याला बाधतं ते द्रव्य थिओब्रोमिन; ग्रॅममागे ते 5 मिलिग्रॅम धरलं तर 500 मिलिग्रॅम, म्हणजे बिट्टूच्या किलोमागे चाळीसच्या वर. विसाला उलट्या आणि अस्वस्थपणा, चाळीस-पन्नासला हृदयाचे ठोके बिघडतात, साठच्या पुढे झटके. मिल्क चॉकलेट असतं तर आकडा निम्म्याहून कमी आला असता.

इंजेक्शन देऊन उलटी करवली. तपकिरी लगदा पडला, त्यात चांदीचे तुकडे. थोड्या वेळाने बिट्टू शेपूट हलवायला लागला आणि मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "ताई, ॲडमिट करू या. रक्तात गेलंय ते अजून उतरायचंय."

माणसाच्या अंगातलं निम्मं थिओब्रोमिन सात ते दहा तासांत जातं, कुत्र्याला सतरा-साडेसतरा तास लागतात. म्हणजे दीड दिवसानंतरही पाव हिस्सा अंगात असतोच. त्याच चॉकलेटातलं कॅफीन मात्र कुत्रा चार-पाच तासांत निम्मं करतो. एकाच कुळातली दोन द्रव्यं, एकच यकृत, आणि वेग इतका वेगळा! त्यात बिट्टू बीगल. काही बीगलमध्ये जनुकातल्या बदलामुळे सीवायपी1ए2 नावाचं, काही औषधं आणि द्रव्यं मोडणारं यकृतातलं एन्झाइम कामच करत नाही. बिट्टूमध्ये तो बदल आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून डॉक्टर पुस्तकातल्या तासांवर विसंबायला तयार नव्हते. एन्रोफ्लॉक्सासिन त्यांनी तिथेच बंद केलं, कारण थिओब्रोमिनचाच भाऊबंद असलेलं थिओफिलिन कुत्र्याच्या शरीरातून बाहेर पडायला या औषधामुळे वेळ लागतो.

रात्रभर सलाईन. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते लघवीचं. मूत्राशयात साठलेल्या लघवीतून थिओब्रोमिन परत रक्तात शोषलं जातं, म्हणून तुंबू द्यायचं नाही. वॉर्डातला मुलगा सलाईनची बाटली उंच धरून पुढे, पट्टा माझ्या हातात, असे आम्ही दर दोन-तीन तासांनी अंगणात जायचो. बिट्टू प्रत्येक कुंडी हुंगत वेळ काढायचा आणि मी त्याला गोंजारत, "कर रे बाळा" म्हणत उभी राहायचे. पित्तातून आतड्यात उतरलेला अंशही पुन्हा शोषला जातो, त्यासाठी औषधी (ॲक्टिव्हेटेड) कोळशाची पूड पाण्यात कालवून ठरावीक वेळाने पाजली. त्याच्या मिशा आणि माझा कुर्ता, दोन्ही काळे झाले.

पहाटे ठोके 180 वर गेले. धाप, थरथर, डोळे टक्क उघडे. ईसीजीवर ठोक्यांची लय नियमित होती, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचं औषध हातात तयार ठेवून वाट पाहिली. दुपारनंतर ठोके उतरत गेले. दुसरी रात्रही आम्ही तिथेच काढली आणि तिसऱ्या दिवशी दहीभात पोटात टिकल्यावर त्याला सोडलं. त्वचेसाठी दुसरं औषध मिळालं.

बिट्टूच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता वजन, जात, चालू औषधं आणि यकृताचा शेवटचा रिपोर्ट असतो. रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे धावावं लागलं तरी हे पान आधी त्यांच्या हातात पडेल.