धूर दिसला म्हणून आग आहेच कशावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. न्यायशास्त्राचा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे म्हणता, पण जगातला प्रत्येक धूर कुणी तपासलाय? मग खात्री कसली?

हा चार्वाकांचा, म्हणजे प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्यांचा, जुना आक्षेप, आणि तो मोलाचा आहे. न्यायसूत्रं हा या शास्त्राचा मूळ ग्रंथ; त्यातल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विषयांत, प्रमाण (जाणण्याचं साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट) यांच्या लगेच मागे, तिसऱ्या जागी संशयच बसलाय. पण नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, संशयालाही कारण मागतात. तिन्हीसांजेला बांधावर काहीतरी उभं दिसतं. खुंट की माणूस? उंची-जाडी दोघांची सारखीच, ती दिसते. हातपाय किंवा ढोली मात्र दिसत नाही. आणि खुंट, माणूस दोन्ही आठवतात. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो संशय. भर दुपारी समोर बोलत असलेल्या माणसाविषयी ‘पण खुंट असला तर?’ म्हणणं हे नुसतं तोंडाने म्हणणं झालं.

आता व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे आग’ हा नेम. तो किती चुली पाहिल्या यावर ठरत नाही. उलटा नेम घेऊन बघा: जिथे आग तिथे धूर. शंभर चुलींपाशी तो खरा ठरेल आणि लोहाराच्या भट्टीतल्या लालबुंद लोखंडाच्या गोळ्यापाशी फसेल. का फसला? धूर येतो तो ओल्या सरपणामुळे, आणि हिशेबात ते धरलंच नव्हतं. हिशेबातून अशा सुटलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ती ओळखायची खूण दुहेरी आहे: जिथे धूर तिथे ओलं सरपण असतंच, पण जिथे आग तिथे ते असतंच असं नाही. आपले रोजचे अंदाज बहुतेक इथेच कोसळतात. ‘शिकवणी लावली की गुण मिळणार’ यात उपाधी आहे अभ्यास. गुण मिळवणारे अभ्यास करतात. शिकवणीला जाणारे सगळेच करतात असं नाही.

उपाधी शोधूनही सापडली नाही, तरी ‘कुठेतरी आगीवाचून धूर असेल’ ही शंका उरतेच. त्यावर नैयायिक उदयनाचार्यांचं उत्तर तीन शब्दांत मावतं: शंकेला व्याघाताची हद्द. व्याघात म्हणजे आपल्याच वागण्या-बोलण्याशी विरोध; तो आला की शंका थांबते. वेदान्ती श्रीहर्षांनी ते उलटवलं: व्याघात दाखवायचा तर आधी शंका असावी लागेल, मग व्याघात तिला थांबवणार कसा? हा घाव वरवरचा नाही. मिथिलेच्या नैयायिक गंगेशांनी त्याला दिलेलं उत्तर मला अजूनही सगळ्यांत पटतं. धूर हवा म्हणून तुम्ही आगच पेटवता, पोट भरावं म्हणून जेवता, दुसऱ्याला कळावं म्हणून बोलता. शंका खरोखर मनात असती तर हे हातून बिनघोर झालंच नसतं. शंकेला अडवते ती तुमचीच कृती. त्यासाठी शंका आधी असायची गरज नाही.

व्याप्ती पक्की असूनही चूक होते ती वेगळ्याच जागी: जे धूर म्हणून पाहिलं ते धुकं निघतं. हेतूच, म्हणजे जिच्यावरून अंदाज केला ती खूणच, असिद्ध. म्हणून केशवमिश्रांच्या ‘तर्कभाषा’ या न्यायग्रंथात डोंगरावरच्या धुराच्या रेघेला ‘अविच्छिन्नमूल’ हे विशेषण आहे, बुडाशी न तुटलेली. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात हे विशेषण फार कामाला येतं. ढगाचा पुंजका खाली सुटा असतो आणि सरकत राहतो. धुराची रेघ एकाच जागेवरून सलग वर चढते.