सही कर ताई, माहेर तुटायला नको

आमच्याकडे वडील गेले, तेरावं झालं, तलाठ्याकडं वारसनोंद लागली की बहिणींना फोन येतो, "ताई, अमुक दिवशी रजिस्ट्रीला ये, हक्कसोड करायचंय", म्हणजे वडलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा. विचारत कुणी नाही, थेट तारीखच सांगतात. ताई पण जाते, सही करते, भाऊ साडी घेतो, झालं. आणि जी सही करत नाही तिच्याबद्दल भावकीत काय काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कायदा बघायला गेलं तर कधीचाच आहे. महाराष्ट्रात 1994 ला लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा मिळाला, 2005 ला देशभर सगळ्याच हिंदू मुलींना, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं हा हक्क जन्मापासूनचाच आहे असं क्लिअर केलं. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या जमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायका 14 टक्क्यांच्या आसपास. खुरपणी, वेचणी, काढणी मात्र बघा कोण करतं ते.

लोक म्हणतात नाव कुणाचंही असो, घर एकच ना. नवरा धड आहे तोवर ठीक. माझ्या नात्यातल्या एकीचा नवरा तिशीतच गेला, जमीन सासऱ्याच्या नावावर, वाटणी झालेली नाही, मग हिच्या नावावर पीककर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे 6000 पण नाहीत, आणि माहेरी यावं तर तिथं आधीच सही करून बसलेली. मग दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचं, तिथं पण बाईला गड्यापेक्षा कमी हजेरी, आणि त्यातच घर चालवायचं म्हणून थोरल्या पोरीची शाळा दहावीला बंद, पुढं लगेच लग्न. आता ती पोरगी पण कुणाच्या तरी सातबाऱ्यावर राबतेय, तिचं नाव त्यावर नाहीच. गरिबी अशी आईकडनं लेकीकडं येते, आणि आपण दोष दुष्काळाला देऊन मोकळे.

बरं, प्रश्न फक्त पैशाचा पण नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक अभ्यास झाला होता, 2005 ला छापून आला. ज्या बायकांच्या नावावर घर-जमीन काहीच नव्हतं त्यातल्या 49 टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्लेला, आणि ज्यांच्याकडं दोन्ही होतं त्यांच्यात फक्त 7 टक्के. जिला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलताना माणूस विचार करत असणार, दुसरं काय.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चालवली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, आणि गावच्या गावं त्यात उतरली होती. नंतर सरकारनं पण बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. पण अर्ज करतंय कोण?

माझ्या भावाला मी सांगून टाकलंय, कस तूच, पीक पण तुझंच, पण माझं नाव राहू दे. तो जरा गप्पच झाला. वहिनी मात्र लगेच म्हणाली, मग माझं पण लावा की. दिवाळीनंतर बघू म्हणालाय.