तुम्ही विचारलंत म्हणून: केळशीचं लोकेशन

परवा पुन्हा फोन आला. डोंबिवलीच्या काकांचा. "पुढच्या आठवड्यात गोव्याला, कवळ्याला निघालोय. तू आणि तुझे बाबा शांतादुर्गेच्या मूळ जागी जाऊन आलात ना, केळशीला? जरा लोकेशन पाठव की." मी नेहमीप्रमाणे "बघतो हं" म्हटलं. गेल्या काही वर्षांत पंधरा-वीस जणांना तरी मी असं 'बघतो' म्हणालो असेन. तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. माझ्याकडे लोकेशन नाही. मूळ जागा मी पाहिलेली नाही. बाबांनीही पाहिली नव्हती.

केळशी म्हणजे गोव्यातली, दापोलीची नव्हे, एवढं बाहेरच्यांसाठी. 1560 च्या दशकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, आणि आपली शांतादुर्गा कवळ्याला. पुढचं तुम्हाला पाठ आहे. "तुम्हाला राग कसा येत नाही?" असंही हल्ली काहीजण विचारतात. येतो ना. पण हे विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, नदीपलीकडच्या ज्या फोंड्यात हे सगळे देव जाऊन राहिले, तिथे तेव्हा राज्य कुणाचं होतं? आदिलशहाचं. की फोन लवकर आटपतो.

तर 2012 चा मे. बाबा 78 वर्षांचे. कवळ्याला अभिषेक झाला, आईची साडी देवीला चढली, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासात, जेवलो. संध्याकाळची कोकणकन्या मडगावहून पकडायची होती. हात धुता धुता बाबा म्हणाले, "केळशीला जाऊन येऊ. मला पुन्हा यायला जमणार नाही."

खरं तर मी आदल्या वर्षी त्यांच्याशी वाद घातला होता. देव जागेला चिकटून असतो का? असेल, तर कवळ्याला कशाला जायचं? नसेल, तर घरचं देवघर काय वाईट? असं फार हुशारीने बोललो होतो. बाबा नुसते "बरं" म्हणाले होते.

फोंड्याची टॅक्सी केली. बोरीचा पूल ओलांडून केळशीत शिरलो तेव्हा तीन वाजत आले होते. ड्रायव्हर म्हणाला, "म्हाका खबर ना." एका घराच्या बाल्कांवावर बसलेल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "देवूळ? हांगा इगर्ज आसा." इगर्ज म्हणजे चर्च. एका सायकलवाल्याने हात लांब करून कुठेतरी पलीकडे दाखवलं. कवळ्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्यायची अक्कल मला झाली नव्हती. उकाडा असा की गाडीतून उतरलं की शर्ट पाठीला चिकटायचा. बाबांच्या पायांवर सूज. ते मागच्या सीटवरून दर माडाकडे बघत होते, जणू एखादा माड ओळख देईल.

शेवटी एका भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, आंब्याखाली, जांभ्याच्या चिऱ्यांचा एक ढीग दिसला. कुणाच्या तरी पडक्या कुंपणाचा असावा. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "बाबा, हीच असावी."

"नक्की?"

"नक्की. मघाशी त्या माणसाने हेच सांगितलं."

पहिलं वाक्य मी माफ करतो स्वतःला. दुसरं नाही.

बाबांनी चपला गाडीतच काढल्या. तापलेल्या मातीवरून अनवाणी गेले. चिऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्रीच निघाले असतील रे. दिवसा कोण जाऊ देणार?" खिशातून गोळ्यांची डबी काढली. तिला दोन कप्पे होते, 'सकाळ' आणि 'रात्र'. सकाळचा रिकामा होता. त्यात त्यांनी चिमूट चिमूट करून माती भरली आणि झाकण दोनदा दाबून बघितलं.

कोकणकन्या थिवी स्टेशन सोडायच्या आत त्यांनी चार नातेवाइकांना फोन केले होते. तुम्हाला कळलं ते तिथून.

दोन वर्षांनी मी कवळ्याला एकटा गेलो, तेव्हा अग्रशाळेत चहा पिता पिता कुणीतरी सहज म्हणालं की मूळ जागेला देऊळभाट म्हणतात, ती देवस्थानच्याच ताब्यात आहे. म्हणजे एका प्रश्नाचं काम होतं. बाबा त्यानंतर पाच वर्षं होते. मी सांगितलं नाही. कशाला सांगायचं, त्यांचं समाधान झालं होतं, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "त्यांचं झालं, की तुझं?" मला ते लागलं. अजून लागतं. पण देव जागेला चिकटून नसतो असं म्हणणाऱ्याला खोटी जागा दाखवल्याची एवढी टोचणी का असावी, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

त्यात आत्याने त्या मातीतली चिमूटभर देव्हाऱ्यासाठी मागून नेली. चुलतभावाने कर्जतच्या घराच्या पायात घातली. दोघांना मी हसत दिली. आत्या, दादा, हे वाचत असाल तर रागवा, पण माती परत आणून देऊ नका.

काका, तुमचं उत्तर : कवळ्याला देवस्थानच्या कार्यालयात विचारा. देऊळभाट म्हणा. तिथली चिमूटभर माझ्यासाठी आणाल का, असं इथे दोनदा लिहून खोडलं.